आडव्या रेघेचं परिपत्रक

दत्तोपंतांनी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी काय केलं असेल, तर गुलमंडीत जाऊन दोनशे पानांचं, कापडी पाठीचं रजिस्टर आणलं. लॅपटॉप घरात होताच. पुण्याला गेलेल्या मुलानं नवा घेतल्यावर जुना वडिलांसाठी ठेवला होता. शिकवणारे व्हिडिओ फोनवर मिळत होते. पण रजिस्टर उघडल्याशिवाय एखादं काम सुरू करणं, हे चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला शोभलं नसतं. प्रत्येक प्रोग्राम ते आधी निळ्या पेनानं रजिस्टरात लिहीत, डावीकडे समास सोडत, वर जावक क्रमांक टाकत आणि मग एका बोटानं लॅपटॉपवर उतरवत. चालला नाही की समासात लाल पेनानं 'त्रुटी' असा शेरा मारत. दोन महिन्यांत समास बऱ्यापैकी लाल झाला होता.

हा सगळा खटाटोप पाण्यासाठी होता. गारखेड्यातल्या सुखसागर सोसायटीत नावाप्रमाणे सागर वगैरे काही नाही. सहा दिवसांनी नळाला पाणी येतं आणि ते हौदात साठतं. गच्चीवर प्रत्येक घराची वेगळी काळी टाकी आहे. हौदातलं पाणी एकाच मोटारीनं, एकेका टाकीचा कॉक उघडून, पाळीपाळीनं वर चढवावं लागतं. कॉक उघडायचं काम वॉचमन कृष्णाचं. कोणाची पाळी कधी हे आजवर कृष्णाच्या डोक्यात असायचं, आणि कृष्णाच्या डोक्यात नेमकं काय आहे यावरून दर पाण्याच्या दिवशी जिन्यात जुंपायची. सोसायटीचे सेक्रेटरी या नात्यानं दत्तोपंतांनी ठरवलं, की आता पाळी मोबाइलवर दिसेल. आपला घर क्रमांक टाकायचा, वेळ समोर. कृष्णाच्या फोनवर सगळी यादी क्रमवार.

सभेत त्यांनी ही योजना मांडली तेव्हा बी विंगेतले नानासाहेब पाय पसरून बसले होते. नानासाहेबांची गंगापूरकडे उसाची शेती आहे. इथं त्यांनी तीन आणि चार नंबरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली आणि दारावर 'बी-३/४' अशी पितळेची पाटी ठोकली. ती पाटी ते स्वतः दर रविवारी चिंच लावून घासतात.

"पंत," ते म्हणाले, "तुमी गंगापूर तहसीलात व्हते तवा माझा एक फेरफार चौदा महिने अडला व्हता. आता आमचं पाणी बी अडवता का?"

सभा हसली. सुरेखाताई, ज्यांचं तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे आणि ज्या एरवी दत्तोपंतांशी अदबीनं बोलतात, त्याही हसल्या. दत्तोपंतांना ते भलतंच लागलं. ते उभे राहिले आणि मिनिटबुकात नोंद व्हावी अशा आवाजात म्हणाले, "येत्या दोन पाण्यांत ही पद्धत सुरळीत झाली नाही, तर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देईन."

घरी आल्यावर अंबिकाबाईंनी विचारलं, "असं कशाला बोलून बसलात हो?" दत्तोपंतांनी रजिस्टर उघडलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एक टेबल, एक शिक्का आणि 'सेक्रेटरीसाहेब' ही हाक, एवढंच उरलं होतं. ते गेलं असतं तर सकाळी दाढी कोणासाठी करायची, हा प्रश्न होता.

तर त्यांनी यादी तयार केली. व्हिडिओतल्या मास्तरांनी दाखवली तशीच, बिनचूक. डावीकडे घर क्रमांक अवतरणचिन्हांत, उजवीकडे पाळीची वेळ, आणि सगळ्याला मिळून नाव दिलं 'पाळी'. मास्तर हिंदीत म्हणाले होते की यादीतलं काहीही हवं असेल तर यादीचं नाव लिहा, पुढं टिंब द्या आणि त्या गोष्टीचं नाव लिहा, उत्तर हजर. मास्तरांच्या यादीत 'नाव', 'वय', 'गाव' अशी गरीब नावं होती. हाक मारली की ती मुकाट्यानं पुढं यायची.

दत्तोपंतांनी लिहिलं: पाळी, टिंब, ए-२-१. म्हणजे ए विंग, दुसरा मजला, पहिलं घर; त्यांचं स्वतःचं. संगणकानं उत्तर दिलं की ही संख्या नाही.

"आम्ही संख्या मागितलीच नव्हती," दत्तोपंत लॅपटॉपला म्हणाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी या एका उत्तराचा छडा लावण्यात घालवले. शेवटी कळलं ते असं, की मधली आडवी रेघ संगणक वजाबाकीची समजत होता. पाळीतला 'ए' शोध, असा कोणी सापडत नाही, त्या न सापडलेल्यातून दोन वजा कर, मग एक वजा कर, असा हिशेब तो इमानेइतबारे करत होता. नानासाहेबांच्या घराचा तर त्यानं तीन भागिले चार असा भागाकार मांडला होता. सुरेखाताईंच्या गाळ्याची नोंद 'तळ दुकान' अशी होती. त्यातल्या मोकळ्या जागेपाशी संगणकानं हात टेकले आणि पडद्यावरचं अख्खं पान पांढरं केलं.

इथवर दत्तोपंतांचं काहीच चुकलं नव्हतं. टिंबानंतरच्या नावात आडवी रेघ, तिरकी रेघ, मोकळी जागा चालत नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या अकलेनं शोधला होता आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच व्हायला हवं. घोटाळा पुढं झाला. दुसरा एखादा म्हणाला असता, की मग नाव घ्यायची दुसरी काही रीत आहे का बघू. पण दत्तोपंतांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत, नियमात न बसणारी वस्तू आली की नियमाकडे कोणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. वस्तू परत पाठवायची. ती नियमात बसेल अशी होऊन आली की घ्यायची. त्यांनी रजिस्टर मिटलं, सोसायटीचं लेटरहेड घेतलं आणि परिपत्रक काढलं:

'तमाम सदनिकाधारकांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव घर क्रमांकांतील आडव्या रेघा, तिरक्या रेघा व मोकळ्या जागा तत्काळ प्रभावाने रद्द करण्यात येत आहेत. सदर रेघा दारावरून काढून घेण्यात येतील. सहकार्य करावे.'

जिन्यात खळबळ माजली. आमच्या दारावरच्या रेघेनं कोणाचं काय घोडं मारलंय, असं कोणी विचारलं, तर दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "अख्ख्या शहराचं नाव बदललं. तुमच्या दारावरची एवढीशी रेघ बदलायला काय जातं?" बी विंगेतल्या एकांनी वास्तुशास्त्राच्या अंगानं शंका काढली, पण रेघ काढल्यानं दाराचं तोंड फिरत नाही, असं त्यांना पटवण्यात आलं. फकिरा पेंटरला बोलावलं. त्यानं बारीक ब्रश घेऊन एका सकाळीत बावीस ठिकाणच्या रेघा पुसल्या. "साब, जिंदगी में लिखने का काम बहुत किया," तो म्हणाला, "मिटाने का पहली बार मिला."

राहिली ती पितळेची पाटी. "पाटी कोरीव हाय," नानासाहेब म्हणाले, "तुमचा काम्पुटर बदला." दुसऱ्या दिवशी ते उसाच्या तोडीसाठी गंगापूरला गेल्याची संधी साधून दत्तोपंतांनी पाटीवरच्या दोन्ही रेघांवर पांढरी चिकटपट्टी लावली. परत आलेल्या नानासाहेबांना स्वतःच्या दारावर 'बी३४' दिसलं. ते मिनिटभर उभे राहिले, आणि आपण दुसऱ्याच सोसायटीत शिरलो असं समजून खाली जाऊन पुन्हा वर आले. यानंतर त्यांनी दत्तोपंतांशी बोलणं सोडलं.

परिपत्रक निघालंच आहे तर सरकारदप्तरीही दुरुस्ती असावी, म्हणून दत्तोपंत वॉर्ड कार्यालयात जाऊन आले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज शांतपणे वाचला आणि मंजूर नकाशाची प्रत, सगळ्या मालकांची ना हरकत, सभेचा ठराव आणि 'तांत्रिक कारण' म्हणजे काय याचा सविस्तर खुलासा, अशा चार त्रुटी काढून तो परत दिला. दत्तोपंतांचा पाणउतारा झालाच, पण त्रुटी इतक्या नेटक्या काढल्या होत्या, की त्यांना कौतुक लपवता येईना. "अक्षर छान आहे तुमचं," ते त्या कारकुनाला म्हणाले आणि अर्ज घेऊन परत आले.

पहिलं पाणी मंगळवारी आलं, आणि दत्तोपंतांचं पान चाललं. खरोखर चाललं. पाळी, टिंब, ए२१, वेळ हजर. कृष्णा गच्चीवर फोन बघत एकामागून एक कॉक उघडत होता. फोनात जे दिसेल तेच करायचं, डोकं लावायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं आणि त्यानं ते तंतोतंत पाळलं. दुपारी मोटार बंद झाली तेव्हा जिन्यात एकही भांडण झालं नव्हतं. सुरेखाताईंनी दुकानातून चहा पाठवला. दत्तोपंत कपात बिस्कीट बुडवत असताना दारात आशाबाई येऊन उभ्या राहिल्या.

आशाबाई त्यांच्या बरोबर खालच्या घरात, पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. सत्तरी गाठलेली, मूळच्या खुलताबादकडच्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या हातात रिकामी बादली होती.

"पंत, माझी टाकी कोरडीच हाय," त्या म्हणाल्या. "कृष्णा म्हनला, मोबाइलात तुमचं घरच नाय. मी लई डाव सांगितलं, आरं मी इथं वीस वरसं ऱ्हाते. तो म्हनला, असाल आजी, पर यादीत नाय."

त्या भांडायला आल्या नव्हत्या, आणि तेच दत्तोपंतांना जास्त झोंबलं. त्यांनी लगबगीनं यादी उघडली. आशाबाईंचं घर ए-१-१. ए विंगेच्या गच्चीवर बिल्डरनं मागाहून चढवलेलं अकरावं घर ए-११. रेघा पुसल्यावर दोन्ही 'ए११' झाली होती. आणि संगणकाच्या यादीत एका नावाचे दोघं नांदत नाहीत. मागून आलेला पहिल्याच्या जागेवर बसतो, पहिल्याचा मागमूस राहत नाही. असं करताना तो त्रुटीही दाखवत नाही. आशाबाईंना कोणी काढलं नव्हतं. त्या नुसत्या पुसल्या गेल्या होत्या.

हौद तळाला गेला होता आणि पुढचं पाणी सहा दिवसांनी. दत्तोपंतांनी बादली त्यांच्या हातून घेतली, आपल्या नळाखाली भरली आणि खाली नेऊन दिली. मग दुसरी. अंबिकाबाई म्हणाल्या, "गुडघे सांभाळा." दत्तोपंतांनी तिसरी बादली उचलली. संध्याकाळपर्यंत त्यांनी सात खेपा केल्या. दुसऱ्या दिवशीही सकाळी उठून बादल्या घेऊन निघाले.

त्याच दिवशी गच्चीवरच्या घरात राहणारी नीरजा खाली आली. ती एका कंपनीचं काम घरून करते. तिच्या हातात गुडघेदुखीच्या औषधांचं पुडकं होतं.

"काका, हे आशाआजींचं पार्सल माझ्याकडे आलं. दोघींच्या दारावर एकच नंबर आहे ना आता. आणि माझा हेडफोन त्यांच्याकडे गेलाय. कोणी पाठवला कळेना म्हणून त्यांनी तो देवघरात ठेवलाय. मी मागितला तर म्हणाल्या, आधी हळदीकुंकू वाहिलेलं पुसून देते."

दत्तोपंतांनी तिला बसवलं आणि कधी नव्हे ते सगळं सांगून टाकलं. रजिस्टर दाखवलं, वजाबाकी दाखवली, पांढरं पान दाखवलं. नीरजा रोज हेच काम करते हे त्यांना त्या वेळी कळलं. तीन वर्षं एकाच जिन्यात राहून त्यांनी तिला फक्त एकदाच प्रश्न विचारला होता, की भाडेकराराची प्रत केव्हा देताय.

ती हसली नाही, हे तिचे उपकारच. तिनं पेन घेतलं आणि समास सोडून लिहिलं. "टिंब देऊन फक्त साधी नावं घेता येतात, काका. ज्या नावात रेघ आहे, जागा आहे, जे आकड्यानं सुरू होतं, ते तसं घ्यायचं नाही. टिंब काढायचं, चौकटी कंस करायचा आणि आत अवतरणचिन्हांत नाव जसंच्या तसं लिहायचं. मग संगणक त्यात नाक खुपसत नाही."

"जसंच्या तसं?"

"काहीही असू दे. बदलायचं नाही."

स्वयंपाकघरातून अंबिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच. नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही, उखाण्यात घातलं की बिनधास्त घ्यायचं." चाळीस वर्षांच्या संसारात जावास्क्रिप्टवरचं त्यांचं हे पहिलंच मत होतं, आणि नीरजा म्हणाली की आमच्या कंपनीत कोणी इतकं सोपं सांगितलेलं नाही.

पहिल्या झटक्यात जमलं मात्र नाही. दत्तोपंतांनी कंस केला आणि अवतरणचिन्हं विसरले, तर संगणक म्हणाला, 'ए' म्हणजे कोण, आम्ही ओळखत नाही. अवतरणचिन्हं घातली, तर टिंबही ठेवलं आणि कंसही, कारण एकदा दिलेलं टिंब काढून घ्यायला त्यांचा हात धजेना. शेवटी ते काढलं. पाळी, चौकटी कंस, आत ए-१-१. पडद्यावर आलं: सकाळी सव्वासात. त्यांनी ए-११ विचारलं: सकाळी पावणेदहा. दोघी आपापल्या जागी होत्या. मग त्यांनी श्वास रोखून बी-३/४ लिहिलं. भागाकार झाला नाही. साडेअकरा.

त्या तिरक्या रेघेकडे बघता बघता त्यांना गंगापूरची एक फाइल आठवली. एका कागदावर गट क्रमांक ४७/२ होता आणि दुसऱ्यावर ४७-२. शेत तेच, बांध तोच, मालक समोर खिडकीत उभा. त्यांनी ती फाइल तीनदा परत केली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांना आपण काम चोख केल्याचं समाधान वाटलं होतं. नानासाहेब सभेत बोलले तो फेरफार हाच. दत्तोपंतांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी दुसरं परिपत्रक लिहिलं: 'संदर्भीय परिपत्रक रद्द करण्यात येत आहे. सर्व क्रमांक पूर्ववत राहतील. चूक कार्यालयाची होती.' शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला, कारण नोकरीत ते लिहायची सवय लागली नव्हती.

मग ते नानासाहेबांकडे गेले, चिकटपट्ट्या स्वतःच्या नखानं सोलून काढल्या आणि बेल वाजवली.

"ती ४७/२ ची फाइल मीच अडवली होती," ते म्हणाले. "अडवायला नको होती."

नानासाहेबांनी पाटीवरून बोट फिरवलं. पट्टीचा डिंक पितळेवर राहिला होता. "चौदा महिने," ते म्हणाले. "चपला झिजल्या पंत माझ्या. या आत, च्या घ्या." चहा घेताना त्यांनी विचारलं, "आन मोबाइलात आता कसं बी नाव चालतं म्हनता? मंग माझं 'नानासाहेब, बी-३/४, पूर्वमुखी' असं टाका." दत्तोपंतांनी ते रजिस्टरात टिपून घेतलं.

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. सुरेखाताईंना 'तळ दुकान' कधीच आवडलं नव्हतं. त्यांनी 'सुरेखा लेडीज टेलर्स (फॉल-पिको)' असं कंसासकट घालून घेतलं. नीरजानं कोणी दार वाजवू नये म्हणून 'मीटिंग चालू आहे' असं घातलं. ही विनंती नियमात बसत नव्हती, तरी दत्तोपंतांनी मंजूर केली. फकिरा पुन्हा आला आणि त्यानं सगळ्या रेघा परत काढून दिल्या. आशाबाईंची त्यानं सगळ्यात आधी काढली आणि जरा ठसठशीत काढली.

दत्तोपंत पाण्याच्या आदल्या दुपारी शेवटच्या दोन बादल्या घेऊन आशाबाईंकडे गेले. "उद्या तुमची टाकी भरेल," ते म्हणाले. "तुमचं घर यादीत परत आलंय, ए-१-१."

आशाबाईंनी बादल्या आत ठेवल्या, पदरानं हात पुसले. "पंत, त्या मोबाइलात नाव बी चालतं म्हनं?"

"कोणतंही. यजमानांचं नाव टाकू का?"

"नगं. लाइटबिलावर त्यांचंच हाय. ग्यासवर बी त्यांचं, कराच्या पावतीवर बी. मी कुटंच नाय." त्यांनी आधीच्या रिकाम्या बादल्या पुढं केल्या. "आशाबाई टाका. नुसतं."

दत्तोपंतांचं तोंड सवयीनं उघडलं. पुरावा, प्रतिज्ञापत्र, वारसनोंद, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "टाकतो."

पाणी ठरल्या दिवशी आलं. मोटार सुरू झाली. पहिली पाळी कोणाची हे बघायला नानासाहेबही बी विंगेतून येऊन जिन्यात उभे होते. दत्तोपंत गच्चीच्या दारात होते. राजीनामा खिशात घडी घालून तयार होता. कृष्णानं फोन डोळ्यांजवळ नेला, यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि गोंधळला. वीस वर्षं तो त्यांना ए-एक-एकवाल्या आजी म्हणत आला होता. कठड्यावरून वाकून त्यानं खाली हाक दिली.

"आशाबाई कोन हाय?"

खाली पहिल्या मजल्यावर ग्रिलचं दार वाजलं. आशाबाई सज्जात आल्या, मान वर करून उभ्या राहिल्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या, "आशाबाई."

कृष्णानं कॉक उघडला.